परखीवाले दिवाणजी

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी दोन. एक अर्जुनी मोरगाव आणि दुसरी आमची, मुंबई-कोलकाता महामार्गाला चिकटून बसलेली सडक अर्जुनी. पार्सल पोचवणाऱ्यांच्या डोक्यात हा फरक अजून शिरलेला नाही. त्यामुळे अधूनमधून आमचे दिवाणजी छत्री, पानाचा डबा आणि आधार कार्ड घेऊन त्या अर्जुनीला जातात, तिथल्या पोराशी यथेच्छ हुज्जत घालतात आणि पार्सल काखोटीला मारून संध्याकाळच्या एसटीने परत येतात. पार्सलात पुस्तक असतं. इंग्रजी, जुनं, पिवळ्या पानांचं. मुखपृष्ठावर अंतराळयान किंवा एखादा खवल्यांचा प्राणी. आणि जात ठरलेली: आधी टीव्हीवर दिसलेली विज्ञानकथा, मागाहून कागदावर उतरवलेली.

सिनेमागृहातून बाहेर पडता पडता ‘पुस्तक जास्त चांगलं होतं’ असं सांगणारा माणूस गावोगाव सापडतो. बहुतेक वेळा त्याने पुस्तक वाचलेलं नसतं. दिवाणजी त्याच्या समोरून येतात. त्यांच्या हातात पुस्तक असतं आणि ते एपिसोडाला उतरलं की नाही याचा निकाल त्यांना द्यायचा असतो. एपिसोड बहुतेक वेळा त्यांनी पाहिलेला नसतो.

दिवाणजी हा त्यांचा हुद्दा. एका राईस मिलमध्ये उभी हयात दिवाणजी होते, आता निवृत्त झाले तरी हुद्दा निवृत्त झाला नाही. मिलमध्ये धानाची गाडी आली की शेतकरी, हमाल आणि मालक तिघेही यांच्या तोंडाकडे बघत. हे परखी घेऊन पुढे होत. परखी म्हणजे पोत्यात खुपसायची टोकदार लोखंडी नळी. पोतं न सोडता आतलं धान बाहेर काढते. तळहातावर चार दाणे घ्यायचे, एक दाताखाली फोडायचा आणि ओलावा सांगायचा. सरकारी खरेदीत 17 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. दिवाणजींचा दात यंत्राशी जुळायचा, आणि न जुळला तर यंत्र दुरुस्तीला जायचं. पुढचा हिशेब भरडाईचा. क्विंटलभर धान दिलं की 67 किलो तांदूळ आला पाहिजे, असा सरकारी नियम. उरलेलं कोंडा, भुसा, कनकी.

हाच नियम त्यांनी पुस्तकांना लावला आहे. एपिसोड हे धान, पुस्तक हा तांदूळ. घरात लाल कापडाची चोपडी आहे, तिच्यात एकेका पुस्तकाला एकेक ओळ: आवक, उतारा, कनकी, शेरा. 67 च्या खाली उतारा गेला की पुस्तक नापास. लेखक कोण, प्रकाशक कोण, जगात नाव किती, याला चोपडीत रकाना नाही.

या रोगाची लागण ऐंशीच्या दशकात झाली. तेव्हा आमचा जिल्हा भंडारा होता. गोंदिया वेगळा झाला 1999 साली. मिलमालकाच्या पडवीत गावातल्या मोजक्या टीव्हींपैकी एक होता, कृष्णधवल. अँटेना दोन बांबू जोडून उभारलेली, आणि रविवारी सकाळी तिच्या बुडाशी एक पोट्टा कायमचा नेमलेला. आतून ‘गेलं’ म्हटलं की त्याने फिरवायचं, ‘आलं’ म्हटलं की पुतळा व्हायचं. त्या पडवीत दिवाणजींनी ‘स्टार ट्रेक’ पाहिलं. म्हणजे जेवढं आलं तेवढं पाहिलं. पडद्यावर इतक्या मुंग्या असत, की त्या मालिकेतल्या प्रत्येक ग्रहावर बर्फ पडतो अशी त्यांची बरीच वर्षं समजूत होती. कॅप्टन कर्क दार उघडून आत शिरायचा आणि वीज जायची. आत काय होतं, हे दिवाणजींना पुढच्या रविवारीही कळायचं नाही, कारण पुढच्या रविवारी दुसराच ग्रह.

आणि मग एकदा मिलच्या रबर रोलसाठी नागपूरला गेले असताना सीताबर्डीच्या फुटपाथवर त्यांना जेम्स ब्लिशचं पुस्तक सापडलं. दार उघडल्यावर आत काय होतं, ते त्यात लिहिलेलं होतं.

दुसरा माणूस असता तर आनंदला असता. दिवाणजी हादरले. त्यांचा जन्म चोपडीत गेलेला. जे लिहिलं नाही ते घडलं नाही, या तत्त्वावर त्यांनी कैक हमालांची मजुरी अडवली होती. टीव्हीवरची गोष्ट म्हणजे हवेत आली, हवेत गेली, असं ते धरून चालले होते. तर तिकडे अमेरिकेत कुणीतरी बसून तिची रीतसर नोंद करून ठेवली होती! त्या रात्री त्यांनी इंग्रजी-मराठी शब्दकोश काढला. काकू अजून सांगतात, ‘त्या दिसापासून हे घरात असून नसल्यावानी.’

ब्लिशचा हिशेब दिवाणजींना तोंडपाठ आहे. मालिका 1966 ते 1969, एपिसोड 79. ब्लिशची पुस्तकं बारा, पहिलं 1967 चं. 1975 साली तो वारला आणि बारावं पुस्तक त्याच्या बायकोने पुरं केलं. हे सांगून दिवाणजी काकूंकडे अर्थपूर्ण बघतात. काकू म्हणतात, ‘मी नाही पुरी करनार तुमची चोपडी. तुमी गेले का रद्दीवाल्याले देतो.’

पुढे त्यांना कळलं, की पहिली पुस्तकं लिहिताना ब्लिशने मालिका पाहिलेलीच नव्हती. स्टुडिओकडून संहिता यायच्या, कधी कधी आधीचे खर्डे यायचे, त्यावरून तो लिहायचा. म्हणून पुस्तकातली गोष्ट आणि पडद्यावरची गोष्ट जागोजागी वेगळी होते. मला वाटलं, आता दिवाणजी ब्लिशला उभा चिरणार. ते खूश झाले.

‘पाहून लिवनारा आपल्या डोऱ्याचं लिवते,’ ते म्हणाले. ‘हा कागदावरून कागदावर उतरवून रायला. हा लेखक नोहे बाबू, हा मुनीम हाय.’

त्यांच्या लेखी यापेक्षा मोठी पदवी नाही.

त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट कोणती, हे ज्याने दिवाणजींना एकदा पाहिलं त्याला सांगावं लागत नाही. डेव्हिड गेरॉल्डने लिहिलेली ट्रिबलांची. अंतराळातल्या एका ठाण्यावर धान्याचं गोदाम आहे. ट्रिबल नावाचे केसाळ, गुबगुबीत जीव जहाजात शिरतात, खातात आणि वीत राहतात. शेवटी कर्क गोदामाचं दार उघडतो तर धान्याऐवजी डोक्यावर ट्रिबलांचा पाऊस. त्यातले बरेच मेलेले. म्हणजे धान्यात विष कालवलं होतं, हे उघडकीस येतं. जगाने ही गोष्ट विनोदी म्हणून डोक्यावर घेतली. दिवाणजींनी ती खात्यांतर्गत चौकशी म्हणून वाचली. गोदामाची जबाबदारी कुणाची? जिवंत जनावर आत शिरलं तेव्हा पहारेकरी कुठे होता? मालाचा पंचनामा कुठाय?

त्या एपिसोडात कर्कचा साथीदार स्पॉक एक आकडा सांगतो: 17,71,561 ट्रिबल. एका जिवाला दर बारा तासांनी दहा पिल्लं, तीन दिवस. दिवाणजींनी हा हिशेब चोपडीत मांडला. एकाचे अकरा, अकराचे एकशे एकवीस, असं सहा वेळा अकराने गुणलं. उत्तर बरोबर आलं. पेन खाली ठेवून ते बराच वेळ भिंतीकडे बघत बसले. मग म्हणाले, ‘जुळते. पन मरतूक धरली नाही यानं.’ मरतूक म्हणून स्पॉकचा अर्धा गुण कापला. स्पॉक हे काल्पनिक पात्र आहे, त्याला गुण देता येत नाहीत, हे मी सांगून पाहिलं. ‘मंग हिशेब काहून सांगते तो?’

इथवर ठीक होतं. निदान ‘स्टार ट्रेक’ त्यांनी मुंग्यांतून का होईना पाहिलं होतं. पण पुढे टार्गेट या इंग्रज प्रकाशनाची ‘डॉक्टर हू’ची पुस्तकं यायला लागली, आणि ही मालिका आमच्याकडे कुणीच पाहिली नव्हती. बीबीसीने ती 1963 च्या नोव्हेंबरात सुरू केली. एक प्रवासी, निळ्या पेटीतून काळात हिंडतो. न पाहिलेल्या मालिकेवरच्या पुस्तकाचा उतारा कसा काढणार, असं मी विचारलं. दिवाणजी याच प्रश्नाची वाट बघत होते.

झालं असं, की बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत आपल्या जुन्या टेपा पुसल्या. टेप महाग, पुन्हा वापरता येते, ठेवायला जागा लागते, आणि जुनं पुन्हा कोण बघणार असा विचार. ‘डॉक्टर हू’चे कितीतरी भाग त्यात गेले आणि अजून सापडलेले नाहीत. ज्या इंग्रज पोरांचा एखादा भाग चुकला, त्यांच्या हाती पुढे टार्गेटची सव्वाशे पानांची पुस्तकंच होती. टेरन्स डिक्स नावाच्या एकट्या माणसाने तसली साठाहून जास्त पुस्तकं लिहिली. हे ऐकून साहित्यिक माणूस हळहळेल. दिवाणजींना त्यात नवल वाटलं नाही. ‘बारदाना महाग असला का पोतं रितं करून पुन्हा भरतेतच,’ ते म्हणाले. दर हंगामात आमच्याकडे धान खरेदी बारदान्यावाचून अडते, त्यामुळे बीबीसीची अडचण त्यांना बीबीसीपेक्षा चांगली समजते. ‘आता माल गेला, पावती रायली. पावतीवरच निकाल लागते जी. कोर्टातही तसंच.’

म्हणजे मूळ नाहीच, तर नक्कल हीच मूळ, आणि नकलेचे परीक्षक दिवाणजी. लंडनातही कुणी त्यांना खोडून काढू शकत नाही.

या तत्त्वावर त्यांनी दिलेले काही निकाल मात्र मला मान्य आहेत. डॉक्टरचं पहिलं पुस्तक डेव्हिड व्हिटेकरचं, 1964 चं. मालिकेत सुरुवातीला दोन शिक्षक आपल्या एका विचित्र विद्यार्थिनीच्या मागावर भंगाराच्या आवारात जातात आणि तिथे त्यांना निळी पेटी दिसते. व्हिटेकरने पुस्तकात हे सगळं उडवलं आणि धुक्यातल्या रस्त्यावर लॉरीचा अपघात घातला. मूळ गोष्टीची मोडतोड म्हणून कुणीही याला नापास केलं असतं. दिवाणजींनी 81 दिले. कारण विचारलं तर त्यांनी हाताने नुसता महामार्ग दाखवला. डिसेंबरातल्या पहाटे कोहमाऱ्याच्या चौफुलीला ज्याने धुक्यातून ट्रकचे दिवे अचानक अंगावर येताना पाहिलेत, त्याला त्या पुस्तकाची सुरुवात कळायला टीव्हीची गरज नाही. शाळेतल्या पोरीचा पाठलाग करणारे मास्तर मात्र त्यांना पहिल्यापासूनच संशयास्पद वाटले होते.

डिक्सच्या पुस्तकांत निळी पेटी येताना धापा टाकत, कण्हत येते, आणि पुस्तकामागून पुस्तक तोच आवाज, जवळपास त्याच शब्दांत. समीक्षक हसतात. दिवाणजी म्हणतात, ‘मिलचं इंजिन रोज नवा आवाज काढन का?’

एका पुस्तकापुढे मात्र ते परखी खाली ठेवतात. फ्रेड हॉइल आणि जॉन इलियट यांचं ‘ए फॉर अँड्रोमेडा’. 1961 साली बीबीसीवर सात भागांची मालिका, आणि दुसऱ्या वर्षी त्याच दोघांनी तिचं पुस्तक केलं. आकाशातून संदेश येतो, त्यात एक संगणक बांधायची कृती असते, आणि तो संगणक पुढे चक्क एक बाई घडवतो. सातांतला एकच भाग आज पुरता उरला आहे. पण दिवाणजींचा आदर त्यासाठी नाही. हॉइल म्हणजे जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरुजी, आणि नारळीकरांबद्दल ते काही ऐकून घेत नाहीत. त्याला कारण आहे. 1974 साली नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. आद्याक्षरं उलटी केली आणि अक्षर ओळखू नये म्हणून कथा पत्नीकडून उतरवून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. दिवाणजी हा प्रसंग सांगताना उभे राहतात. ‘पोतं कोनाचं हे परखीवाल्याले ठावं नसावं. येवढा मोठा मानूस, अन् पोत्यावरचं नाव पुसून आला!’ 2025 च्या मे महिन्यात नारळीकर गेल्याची बातमी आली त्या दिवशी त्यांनी चोपडी उघडली नाही.

पण त्याच आदरातून मग तक्रार निघते. आपल्या दूरदर्शनवर ‘स्पेस सिटी सिग्मा’ आली, ‘इंद्रधनुष’ आली, पुढे 1998 मध्ये ‘कॅप्टन व्योम’ आली. ह्यांची पुस्तकं कुठायत? सीताबर्डीच्या फुटपाथवर त्यांनी तीन वेळा विचारणा केली. दुकानदाराने एकदा त्यांना ज्योतिषाचं पुस्तक दिलं. मराठीत विज्ञानकथा लिहिणाऱ्यांची कमी नाही, पण सगळे नवीन धान पेरतात. आलेलं धान भरडून ठेवायला कुणी तयार नाही, असं त्यांचं म्हणणं. यात थोडं तथ्य आहे, आणि दिवाणजी नेमके तथ्य असलेल्या ठिकाणी जास्त मोठ्याने बोलतात, त्यामुळे लोक निघून जातात.

मध्यंतरी एक संकट येऊन गेलं. पुण्यात नोकरीला असलेला भाचा दिवाळीला आला आणि त्याने फोनवर थेट ‘स्टार ट्रेक’ लावून समोर धरलं. स्वच्छ चित्र, एकही मुंगी नाही, आणि रंगीत. दिवाणजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

‘हे कोनं रंगवलं?’

‘मामाजी, पहिल्यापासूनच रंगीत होतं ते. आपला टीव्ही काळा-पांढरा होता.’

स्पॉकचा सदरा निळा निघाला. कर्कचा पिवळट. चोपडीत दिवाणजींनी ‘सर्व कर्मचारी एकच गणवेश’ अशी स्वच्छ नोंद केली होती. बर्फ तर कुठेच नव्हता. भाच्याने एकामागून एक एपिसोड काढला आणि दिवाणजींनी मांडीवर ब्लिश उघडून ओळीला ओळ जुळवायला सुरुवात केली. जुळेना. संवाद वेगळे, प्रसंग मागेपुढे, एका ठिकाणी शेवटच निराळा. भाचा हसत होता. तीस-पस्तीस वर्षांचे निकाल एका फोनवर उलटणार, असं आम्हाला सगळ्यांना वाटलं. काकू स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

दिवाणजींनी फोन परत दिला. ‘एपिसोडवाल्यायनं पुस्तकाचा पार विचका केलन,’ असं म्हणून ते पान लावायला बसले.

खरं सांगायचं तर हे बोलणं वाटतं तितकं वेड्याचं नाही. ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’ हा त्या मालिकेतला सगळ्यात गाजलेला भाग, 1967 सालचा. हार्लन एलिसनने लिहिलेली मूळ संहिता स्टुडिओने इतकी बदलली, की तो जन्मभर भांडत राहिला. पुढे मूळ संहितेला लेखक संघाचं पारितोषिक मिळालं आणि पडद्यावर गेलेल्या भागाला ह्यूगो पारितोषिक मिळालं. म्हणजे एकच गोष्ट दोन रूपांत, आणि दोन्हींना इनाम. ब्लिशने पुस्तकात काय केलं, तर दोन्हींतलं चांगलं ते उचलून एकत्र केलं. दिवाणजींच्या चोपडीत या गोष्टीला 74 आहेत. एवढंच, की फोन परत देताना त्यांना एलिसन आठवला नव्हता. त्यांना फक्त हरायचं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी पुढची पायरी गाठली. आमच्या झाडीपट्टीत धान कापून झालं, शंकरपट सुरू झाले, की गावोगाव रात्रभर नाटकं होतात. कंपन्यांचा पसारा वडशाला. दिवाणजी ट्रिबलांच्या गोष्टीचं तीन अंकी नाटक लिहून वडशाला गेले, आणि मला साक्षीदार म्हणून नेलं. नाटकाचं नाव ‘गोदामात शिरला काळ’. कंपनीचे मॅनेजर म्हणजे भला माणूस. चहा मागवला, वही चाळली.

‘हे जनावरं कायचे करनार जी?’

‘नारळाच्या काथ्याचे. दोनशे पुरतेत. बाकीचे संवादात सांगू.’

‘खलनायक हाय?’

‘धान्यात जहर घालनारा हाय ना.’

‘मंग जमते.’ मॅनेजरनी आणखी दोन पानं उलटली. ‘बाई?’

‘उहुरा. पहिलं जनावर तीच जहाजात आनते.’

‘तिले गानं हाय का?’

दिवाणजी गप्प झाले. मी त्यांना ओळखतो; खोटं बोलणं त्यांना जमत नाही. ‘गाते,’ ते अखेर म्हणाले. ‘पन ते दुसऱ्या एपिसोडात.’

‘मंग आना ना तिकडून इकडे! रातभर पब्लिक बसनार, गानं-नाच नाही तं खुर्च्या फेकतीन.’

‘तसं नाही करता येत जी. त्या पोत्यातलं या पोत्यात नाही टाकत. उतारा कायचा काढाचा मंग?’

मॅनेजरनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, मदत करावी. म्हटलं, ‘दिवाणजी, ब्लिशनं त्या एलिसनच्या गोष्टीत दोन पोती मिसळली होतीच ना जी? तुम्हीच 74 दिलेत.’

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ओलं धान आणून वाळलं म्हणून सांगणाऱ्याकडेही मिलमध्ये कधी पाहिलं नसेल. वही मॅनेजरच्या हातातून घेतली, नमस्कार केला आणि बाहेर पडले. वडशापासून घरापर्यंत एसटीत ते एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर चप्पल न काढता आत गेले, चोपडी आणली, पान शोधलं, 74 वर आडवी रेघ मारली आणि शेजारी 66 लिहिलं.

शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: भेसळ.